फादर रॉनींची मानपत्रं आणि लीलाचा अर्ज

अंकाचे संपादक म्हणाले होते, "काकू, चर्चच्या ऑफिसात तुम्ही इतकी वर्षं काढली. काहीतरी खुसखुशीत द्या. नाताळचा केक, फादर लोकांच्या गमती, असं." केक मला आजवर जमलेला नाही. गमती आहेत, पण त्या वाचून हसायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. माणसांची नावं मी बदलली आहेत, गावंही थोडी इकडची तिकडे केली आहेत. घडलं ते तसंच ठेवलं आहे.

मी मार्था गायकवाड. माहेर जालन्याकडचं. आमचे आजोबा मिशनच्या शाळेत शिकले आणि ख्रिस्ती झाले. घरात भाकरी, ठेचा आणि मराठी मात्र होती तशीच राहिली. नवऱ्याला देवासच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही इथे आलो. इथली मराठी मंडळी विचारायची, "गायकवाड? मग मार्था कसं काय?" चर्चमधली केरळची आणि गोव्याची मंडळी विचारायची, "मार्था? मग गायकवाड कसं काय?" दोन्हीकडे मी एकच उत्तर द्यायचे, "बसा, चहा घ्या."

मी डीनच्या कार्यालयात टायपिस्ट होते. डीन म्हणजे बिशपच्या हाताखाली आसपासच्या चर्चांवर देखरेख ठेवणारा वडीलधारा फादर. आमच्या डीनकडे देवास आणि धार अशा दोन जिल्ह्यांतली मिशनची कामं होती: चर्चं, शाळा, दवाखाने, आदिवासी मुलामुलींची वसतिगृहं. त्या सगळ्यांचा कागद माझ्या टेबलावरून जायचा. टेबलावर दोन मशीन, एक इंग्रजीचं, एक हिंदीचं. डीन इंग्रजीत सांगायचे, मी शॉर्टहँडमध्ये उतरवून घ्यायचे, इंग्रजी प्रत बिशपकडे जायची आणि तिचीच हिंदी करून मी गावोगावच्या चर्चांना पाठवायचे. महिन्याला एक चार पानी पत्रिकाही निघायची. कुणाचा बाप्तिस्मा, कुणाचं लग्न, कुणाची बदली, सगळं तिच्यात.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एकदा कारखान्यातले एक मोठे साहेब आले, कपाळावर गंध. "मॅडम, बच्चे का बाप्तिस्मा सर्टिफिकेट बना दो." मी म्हटलं, बाळाचा बाप्तिस्मा कधी झाला? म्हणाले, "वो तो नहीं हुआ. आपके स्कूल में एडमिशन चाहिए. सर्टिफिकेट दे दो, धरम बाद में देख लेंगे." मी त्यांना शाळेच्या मुख्याध्यापकांकडे पाठवलं. मुलाला प्रवेश मिळाला, बाप्तिस्म्याशिवायच. साहेबांची शिफारस तेवढी दांडगी होती. आमच्या धर्माला बाहेरचे लोक फार कडक समजतात. आतून पाहिलं की कळतं, कुणासाठी तो किती मऊ आहे.

माझी खरी ख्याती होती ती मानपत्रांची. कुठल्याही फादरची बदली झाली की त्या गावचे लोक निरोपाचा कार्यक्रम करायचे आणि त्यात हिंदीतलं मानपत्र वाचायचे. ते मीच लिहायचे. 'आपके स्नेह की शीतल छाया', 'हमारे हृदय-सिंहासन पर', असलं माझ्या बोटांतून आपोआप पडायचं. लोक रडले तर मानपत्र चांगलं, अशी आमची परीक्षा. माझ्या मानपत्रांना लोक हमखास रडत. मला त्याचा अभिमान होता. आजही थोडा आहे, आणि त्याची लाजही वाटते.

डीन होते फादर ऑगस्टिन. पांढरे केस, बारीक आवाज, स्वल्पविरामाबद्दल अत्यंत जागरूक. कधी ओरडले नाहीत, कुणाचा अपमान केला नाही. माझ्या सासूबाई आजारी पडल्या तेव्हा तीन आठवडे रोज घरी येऊन प्रार्थना करून गेले. हे आधीच सांगते, कारण पुढे जे सांगणार आहे ते वाचून तुम्ही त्यांना खलनायक ठरवाल. ते खलनायक नव्हते. खलनायक असते तर माझं काम फार सोपं झालं असतं.

आणि होते फादर रॉनी. चाळिशीच्या आतबाहेर, गिटार वाजवायचे, मुलांबरोबर फुटबॉल खेळायचे, माळवीत विनोद करायचे. "कंई हाल हे भिया?" म्हणत कुणाच्याही स्कूटरवर मागे बसायचे. देवासला दोन-अडीच वर्षं होते. मग अचानक बदली झाली, पीपलरावां नावाच्या गावी. डीननी मला पत्र सांगितलं: 'आरोग्याच्या कारणास्तव.' मला आश्चर्य वाटलं, कारण आदल्याच रविवारी त्यांनी दोन गोल केले होते. पण टायपिस्टनं आश्चर्य कागदावर उतरवायचं नसतं. मी मानपत्र लिहिलं. लोक रडले.

पीपलरावांहून दीड वर्षात धामनोदच्या पुढे एका वसतिगृहावर. या खेपेला कारण होतं 'पास्टरल गरज'. पास्टरल म्हणजे मेंढपाळाचं. कळपाला गरज आहे म्हणून मेंढपाळाला हलवलं, असा त्याचा अर्थ. कळपाला कसली गरज होती हे पत्रात लिहिलेलं नव्हतं. मी मानपत्र काढलं, जुन्यातलं 'देवास' खोडून 'पीपलरावां' घातलं, 'गिटार' होतं तिथे 'बाँसुरी' केलं, कारण मधल्या काळात ते बासरी शिकले होते. लोक पुन्हा रडले. माझ्या मनात काही आलं का? आलं. माणसाची दर दीड-दोन वर्षांनी बदली, तीही वर्षाच्या मध्येच, हे टायपिस्टच्या नजरेतून सुटत नाही. मी एकदा हसत हसत डीनना विचारलं, "फादर रॉनींच्या पायाला भिंगरी आहे का?" ते चष्मा पुसत म्हणाले, "मार्था, परिच्छेद दुसरा, पहिली ओळ पुन्हा वाचा." मी पुन्हा वाचली. एवढंच.

धामनोदला ते बरेच टिकले. मग दोन हजार साल उलटून गेल्यावर एका पत्रिकेत मी टाइप केलं: फादर रॉनी आता धार जिल्ह्यातल्या बाग गावच्या नव्या कन्या वसतिगृहाचे संचालक म्हणून जात आहेत, 'बच्चों के चहेते फादर रॉनी को शुभकामनाएँ.' 'चहेते' माझ्या पदरचं. डीननी ते सांगितलं नव्हतं.

ती पत्रिका हातात घेऊन दहा दिवसांनी लीला ऑफिसात आली.

वीस-एकवीस वर्षांची मुलगी. नर्सिंगच्या विद्यार्थिनींचा पांढरा सलवार-कमीज, तेल लावून घट्ट वेणी. धारला शिकत होती. घर बागच्या बाजूच्या एका भिल्ल पाड्यावर. सकाळच्या बसनं निघून इंदूरला बस बदलून दुपारी देवासला पोचली होती. डीन त्या दिवशी बिशपकडे गेले होते. मी म्हटलं, "फादर तो नहीं हैं." ती म्हणाली, "मालूम है. फोन करके पूछा था. आप ही से काम है. आप टाइप करती हो ना?"

तिला अर्ज टाइप करून हवा होता. मी म्हटलं, हातानं लिहिलास तरी चालेल.

"हाथ का लिखा फेंक देते हैं. टाइप वाला फाइल में लगता है."

धंद्यातलं हे गुपित तिला कसं ठाऊक, याचंच मला कौतुक वाटलं. मी हिंदीच्या मशीनला कागद लावला, कार्बन घातला आणि म्हटलं, बोल.

ती बोलली. धामनोदच्या वसतिगृहात ती नववी-दहावीला होती तेव्हा फादर रॉनींनी तिच्याशी काय केलं ते तिनं सरळ, न रडता, एखादा रिपोर्ट सांगावा तसं सांगितलं. ते इथे लिहिणार नाही. ते तिचं आहे. किती वेळा, कुठल्या खोलीत, कोणत्या सबबीनं बोलावून, सगळं सांगितलं. आणि आता तो माणूस बागला निघाला होता. तिची धाकटी बहीण सुनी त्याच बागच्या वसतिगृहात आठवीत होती.

माझी बोटं चालत होती. इतक्या वर्षांची सवय. ती थांबली तेव्हा मी कागद वर सरकवून तिला दाखवला. तिनं वाचला, आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"ये मैंने नहीं बोला."

मी टाइप केलं होतं, 'अनुचित व्यवहार किया.'

"अर्जात असंच लिहितात," मी म्हटलं. मराठीतच म्हणून गेले. मग हिंदीत सांगितलं.

"कौन लिखते हैं?"

लिहिणारी मीच होते. तो कागद मी काढून चुरगळला आणि दुसरा लावला. या वेळी ती म्हणाली तोच शब्द टाइप केला. माझ्या त्या मशीनवर तो शब्द याआधी कधी उमटला नव्हता. अर्जाच्या तीन प्रती झाल्या. एक डीनसाठी, एक तिच्यासाठी. तिसरी माझ्यापाशी राहू दे, असं मीच म्हटलं. का म्हटलं ते तेव्हा मलाही कळलं नव्हतं.

डीननी दुसऱ्या दिवशी अर्ज वाचला. दोनदा वाचला. चेहरा पांढरा पडला होता, खोटं कशाला बोलू. मग त्यांनी विचारलं, "हे आणखी कुणी पाहिलंय?" आणि थोड्या वेळानं, "भाषा जरा सौम्य करता आली असती."

"केली होती, फादर. तिनं नको म्हटलं."

"मार्था, बाहेरचं वातावरण तुम्हाला माहीत आहे. आपण मूठभर लोक. कुणाच्या हाती हे लागलं तर उद्या शाळेवर दगड येतील. शंभर सिस्टर्स खेड्यापाड्यांत एकट्या काम करतात, त्यांचा विचार करा."

हे खोटं नव्हतं. दगड आलेलेही आहेत, मी पाहिले आहेत. आमच्या अडचणीची मौजच अशी की आमची भीती खरी होती, आणि त्या खऱ्या भीतीआड लपायला फादर रॉनींना भरपूर जागा होती.

बदली दोन महिने पुढे ढकलली. चौकशी समिती नेमायचं ठरलं. आणि इतकं गुप्त ठेवूनही चार दिवसांत सगळ्या देवासच्या चर्चला कळलं, कारण आमचे अंतोन सर. निवृत्त शिक्षक, चर्चच्या पंचायतीचे सेक्रेटरी, दर रविवारी पहिल्या बाकावर. त्यांनी फादर रॉनींच्या पाठिंब्याचं निवेदन तयार केलं आणि मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपल्यावर पेन घेऊन दारातच उभे राहिले. अर्जात काय आहे ते कुणी वाचलेलं नव्हतं. सह्या मात्र चार पानं भरल्या. निवेदन टाइप व्हायला अर्थातच माझ्याकडे आलं. सह्यांची पानं जोडताना दुसऱ्या पानावर नजर गेली. वळणदार अक्षरात, 'वसंत गायकवाड'.

घरी येऊन मी विचारलं, "अहो, तुम्ही सही केलीत?"

"सगळ्यांनी केली. अंतोन सर दारातच होते. पेन पुढे केलं."

"कशावर केली ते वाचलंत?"

"फादरविरुद्ध कुणीतरी कारस्थान करतंय म्हणाले." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "का? काय झालं?"

मी तिसरी प्रत त्यांच्यापुढे ठेवली. कारखान्यात मशीनवर उभा राहणारा माणूस, फार बोलत नाही. वाचून झाल्यावर कागद नीट घडी घालून परत दिला आणि अंगणात जाऊन नळाखाली तोंड धुतलं. मग पुन्हा धुतलं.

चौकशी डीनच्याच बंगल्यात, जेवणाच्या मोठ्या टेबलाशी. समितीत तीन फादर, मधे फादर ऑगस्टिन. टेबलावर मेणकापडाखाली फळांची चित्रं. मी टिपणं घ्यायला. लीला एकटी समोर. तिच्याबरोबर कुणी बाई हवी, हे कुणाला सुचलं नाही. मला सुचलं, पण मी टिपणं घेत होते.

प्रश्न कसे असतात ते बाहेरच्यांना सांगते. तू तिथे गेलीसच का? दार उघडं होतं की बंद? तुझे फादरांबद्दल आधीपासून काही मतभेद होते का? तुला नर्सिंगला प्रवेश कुणाच्या चिठ्ठीनं मिळाला? आणि शेवटी, अगदी मायेनं, "बेटी, इतने साल चुप क्यों रही?"

लीला म्हणाली, "चुप नहीं थी. बताया था."

"किसको?"

"पापस्वीकार में."

आमच्यात पापनिवेदन असतं. लाकडी जाळीआड फादर बसतात, आपण गुडघे टेकून आपली पापं सांगायची, ते क्षमा देतात. जाळीपलीकडे ऐकलेलं फादरनं मरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, असा कडक नियम. लीला पंधराव्या वर्षी ते स्वतःचं पाप म्हणून सांगून आली होती. वसतिगृहावर सणाच्या आधी बाहेरून फादर यायचे, त्यांना.

"दस बार 'प्रणाम मरिया' बोलने को कहा था," ती म्हणाली. "मैंने बीस बार बोला." आणि मग मधल्या खुर्चीकडे बघून, आवाज न चढवता, "आप ही थे, फादर."

खोलीत पंखा फिरत होता. फादर ऑगस्टिनना हो म्हणायची सोय नाही, नाही म्हणायचीही सोय नाही, नियमच तसा. ते दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवून बसले होते, आणि मेणकापडाखालच्या केळ्याच्या चित्राकडे बघत होते. नियम पाळणारा माणूस इतका केविलवाणा मी कधी पाहिला नव्हता. पण दहा प्रार्थना सांगताना त्यांनी तिला एवढंही म्हटलं नव्हतं की, पोरी, हे तुझं पाप नव्हे. ते म्हणायला कुठल्याच नियमाची आडकाठी नव्हती.

शेजारचे फादर खाकरले आणि मला म्हणाले, "ये रिकॉर्ड में नहीं आएगा. संस्कार का विषय है."

आणि मी ती ओळ खोडली. संपादक महाशय, आयुष्यात पश्चात्ताप कसला म्हणाल तर या एका रेघेचा. कुणी माझा हात धरला नव्हता. बीस बार बोला, हे वाक्य माझ्या शॉर्टहँडमध्ये चार खुणांचं होतं. एका फटक्यात गेलं. लीलानं ते पाहिलं.

निष्कर्ष निघाला: 'आरोपांची पुष्टी करणारा निर्णायक पुरावा आढळला नाही. संबंधितांनी परस्परांना क्षमा करावी.' परस्परांना! तिनं त्यांना क्षमा करायची हे एक वेळ समजलं. त्यांनी तिला कशाबद्दल करायची? मी विचारलं, तर मला परिच्छेद पुन्हा वाचायला सांगितलं. दोन महिने संपले आणि फादर रॉनी बागला रवाना झाले. डीननी मला मानपत्राचं सांगितलं.

मी म्हटलं, "माझी बोटं दुखतात, फादर."

"सगळी?"

"या कामासाठी सगळी."

मानपत्र अंतोन सरांनी लिहिलं. ऐकलं की चांगलं झालं नव्हतं, कुणी रडलं नाही.

मी धारला लीलाच्या हॉस्टेलवर फोन केला. "तो पोचला," एवढंच म्हटलं. ती म्हणाली, "सुनी को निकालना है. आप चलोगी?" मी हो म्हणेपर्यंत मागून नवऱ्यानं विचारलं, "किती वाजता निघायचं?" त्यांनी कारखान्यात रजा टाकली. आम्ही तिघं धारहून जीपनं बागला गेलो.

वसतिगृह नवं, भिंतींना पिवळा रंग, अंगणात मुली रांगेत ताटं धूत होत्या. फादर बाजाराच्या गावी गेले होते. सिस्टर म्हणाल्या, मध्येच मुलीला कसं सोडू? लीलानं वडिलांच्या अंगठ्याचा कागद पुढे केला. तोही टाइप केलेला, मीच. सुनीनं पेटी उचलली. आम्ही जीपपर्यंत आलो, आणि मागून एक मुलगी धावत आली. सुनीच्याच वर्गातली, हाताला अजून राख लागलेली. तिनं लीलाचा हात धरला नाही, माझाही नाही. माझ्या नवऱ्याच्या सदऱ्याची बाही धरली आणि म्हणाली, "काका, म्हने बी ली चालो." मलाही घेऊन चला.

फादर रॉनींना तिथे येऊन अवघे सोळा दिवस झाले होते.

तिला लीलानं विचारलं, काय झालं? मुलीनं खाली बघितलं. लीला तिच्यापुढे उकिडवी बसली आणि तिच्या कानात काहीतरी बोलली. फार वेळ नाही. मुलीनं मान हलवली. लीला उठली आणि सिस्टरना म्हणाली, "ये भी जाएगी. पहले इसके घर, फिर थाने." सिस्टर दारात उभ्या होत्या. मला वाटलं, अडवतील. त्यांनी आत जाऊन मुलीच्या चपला आणून दिल्या आणि म्हणाल्या, "जल्दी जाओ. चार बजे लौटते हैं."

मुलीचे वडील कापसाच्या शेतात होते. ऐकून घेतलं आणि होते तसेच, मातीच्या पायांनी जीपमध्ये बसले. ठाण्यात साहेब आधी म्हणाले, हा तुमच्या चर्चचा आपसातला मामला आहे. लीलानं अर्ज काढला. टाइप केलेला. मग त्यांनी रजिस्टर उघडलं.

तक्रार नोंदल्यावर दोनच दिवसांत गळ्यात भगवे पट्टे घातलेले दोन पुढारी आमच्या घरी येऊन हजर. फार गोड बोलत होते. बहनजींवर अन्याय झाला, आम्ही मोर्चा काढू, फक्त अर्जाची प्रत द्या. लीला तेव्हा सुनीला आमच्याकडे ठेवायला आलेली. तिनं विचारलं, "उस लड़की का नाम मालूम है आपको?" त्यांना माहीत नव्हतं, विचारलंही नव्हतं. "तो फिर जाओ, भिया. ये अर्जी है, झंडा नहीं." ते गेले. जाताना आमचं दार आपटून गेले.

मोर्चा निघालाच. शाळेची दोन तावदानं फुटली. दुसऱ्या रविवारी अंतोन सर सगळ्यांदेखत म्हणाले, "पाहिलंत? हे कुणामुळे झालं?" आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. फादर रॉनी तेव्हा कोठडीत होते. त्यांच्याकडे बघायची सोय नव्हती.

चर्चनं तातडीनं पावलं उचलली, असं म्हणतात ना, तशी उचलली. बागचं वसतिगृह बंद केलं. मुली घरी गेल्या. बऱ्याच जणींची शाळा तिथेच संपली. वसतिगृह बंद झाल्यावर तिथे काही घडण्याचा प्रश्नच उरला नाही, हे मला एका फादरनी अभिमानानं सांगितलं. चपला आणून देणाऱ्या सिस्टरची दूर छत्तीसगडला बदली झाली. आणि मला पत्र आलं. कार्यालयात आता संगणक येत असल्यानं, आणि माझ्या बोटांचं दुखणं लक्षात घेता, आरोग्याच्या कारणास्तव मला सेवेतून मुक्त करण्यात येत आहे. टायपिंगच्या तीन चुका होत्या. मी लाल पेन्सिलीनं सुधारून परत पाठवलं.

खटला बरीच वर्षं चालला. लीलाचं प्रकरण जुनं म्हणून मागे पडलं. ती साक्षीदार झाली. वकिलानं तिला तेच सगळे प्रश्न विचारले, फक्त 'बेटी' म्हटलं नाही. तिला ते बरं वाटलं म्हणाली. त्या दुसऱ्या मुलीची साक्ष टिकली. फादर रॉनींना शिक्षा झाली. न्यायालयाला दिसल्यानंतर चर्चलाही दिसू लागलं, आणि त्यांचा झगा काढून घेण्यात आला. सुनी आमच्याकडे राहून बारावी झाली. माझ्या नवऱ्यानं तिला सायकल शिकवली, आणि ती त्यांना मराठीत शिव्या द्यायला शिकली.

मग नवे बिशप आले. वयानं तरुण, बोलायला साधे. त्यांनी लीलाला भेटायची इच्छा कळवली. ती तोवर धारला दवाखान्यात नोकरीला होती. आमच्याच घरी भेट ठरली. बिशप म्हणाले, चर्चच्या वतीनं मला तुझी माफी मागायची आहे.

लीला म्हणाली, "यहाँ? किचन में?"

"तुम जहाँ कहो."

"देवास के चर्च में. रविवार को, सबके सामने. मैं लिखकर दूँगी, आप पढ़ना."

बिशपनी निवलेला चहा संपवला. मग म्हणाले, "पढ़ूँगा."

तिनं सांगितलं, मी टाइप केलं. एक पान. या वेळी कुठलाच शब्द माझ्या पदरचा घातला नाही.

त्या रविवारी चर्च भरलेलं होतं. अंतोन सर पहिल्या बाकावर. फादर ऑगस्टिन निवृत्त होऊन तिथेच राहत. ते मागे, दाराजवळच्या खुर्चीत. लीला डाव्या बाजूला सुनीजवळ, दवाखान्याच्या गणवेशात, कारण दुपारी तिची ड्युटी होती. प्रवचनाच्या वेळी बिशपनी कागद काढला आणि वाचायला लागले. काय झालं होतं, कुणाला सांगितलं होतं, वीस वेळा कसली प्रार्थना केली होती, सगळं वाचलं. आवाज एक-दोनदा फाटला, पण वाचलं. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. फादर ऑगस्टिन कष्टानं गुडघ्यांवर बसत होते, आणि कुणी त्यांना आधार द्यायला गेलं नाही. मीही नाही.

बिशपनी शेवटचं वाक्य वाचलं आणि कागदाची घडी घातली. पान मीच टाइप केलेलं, त्यामुळे मला लगेच कळलं. मी उठायच्या आत लीला उठली होती.

"बिशप जी, एक लाइन छूट गई."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. दया त्यांच्या चेहऱ्यावर होती, पण ती आमच्यासाठी होती, आमची लाज राखावी म्हणून त्यांनी ती ओळ गाळली होती. लीला उभीच राहिली. त्यांनी घडी उघडली.

"बिना पढ़े जिन्होंने फादर के लिए दस्तखत किए," त्यांनी वाचलं, "वे आज भी इन्हीं बेंचों पर बैठे हैं. वे मेरे सामने एक बार खड़े हो जाएँ. और कुछ नहीं चाहिए."

कुणी हललं नाही. मग माझ्याशेजारचं बाक करकरलं. माझा नवरा उभा राहिला, हात खाली सोडून, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा. बराच वेळ एकटाच. मग पलीकडे एक केरळची बाई उठली. मग तिचा नवरा. मग मागून कुणी कुणी. चार पानं सह्या होत्या. उभे राहिलेले एका पानाचे असतील. अंतोन सर बसूनच राहिले. ते प्रार्थनेच्या पुस्तकात काहीतरी शोधत होते.

लीलानं उभ्या राहिलेल्या एकेकाकडे पाहिलं. घाई केली नाही. मग मनगटावरचं घड्याळ बघितलं, सुनीला काहीतरी सांगितलं आणि बाजूच्या दारानं बाहेर पडली. धारची बस गाठायची होती. उभे होते त्यांना कुणी बसायला सांगितलं नाही, म्हणून ते तसेच उभे राहिले, आणि पेटीवाला मास्तर कुठलं गाणं धरावं हे न कळून भात्यावर हात ठेवून बसून होता.